पुस्तक यायच्या आधी

प्रिय ताई,

इतक्या वर्षांत मी तुला वाढदिवसाच्या दोन ओळींपलीकडे काही लिहिलं नाही, तेव्हा हे पाकीट बघून तू घाबरशील. घरी सगळं ठीक आहे. आई गुडघ्यांना शिव्या देते आणि जिना चढतेच. माझं पुस्तक छपाईला चाललंय. त्यात आपल्या लहानपणच्या गमती असतील असं तिला वाटतं, म्हणून तिने शेजारणींना आत्ताच वाचायला लावायचं ठरवलंय.

त्यातलं एक प्रकरण मागच्या महिन्यात मासिकात आलं. नाव कुणाचंच नव्हतं. तरणतलाव, क्लोरीनचा वास, कपडे बदलायची खोली आणि आतून कडी लावणारा एक माणूस, एवढंच. दुकानात एक बाई उभ्या उभ्या ते पान वाचत होती. मला वाटलं, मीच उघडी उभी आहे तिच्यासमोर. त्यानंतर घरी फोन येऊ लागले. उचलला की पलीकडे नुसता श्वास. तो श्वास मी ओळखते, ताई.

परवा आपल्याला पोहायला शिकवणारे काका स्वतःच आले, आईसाठी फळं घेऊन. ती पाणी आणायला आत गेली, तसे हसत म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाळ. चव्हाट्यावर आणलंस तर आधी तुझ्याच आईची मान खाली जाईल." मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. चाळिशीची बाई मी!

संपादक बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "प्रकरण अजूनही काढता येईल. पण एकदा छापलं, की ते तुमच्या एकटीचं राहणार नाही." मला तिथेच तू आठवलीस. तू पोहणं एकाएकी सोडलंस, पोशाख कात्रीने कापलास. बाबांनी मारलं तरी तोंडातून ब्र काढला नाहीस. पुढच्याच आठवड्यापासून तुझ्या जागी मी जायला लागले. तुला मी कधी कारण विचारलं नाही, आजही विचारत नाही. राग तर मुळीच नाही. पुस्तकातल्या मुलीला बहीणच नाही. प्रकरण मात्र राहील, असं मी बाईंना कळवलंय, आणि तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं तरी दचकते.

पुस्तक येईपर्यंत तुला काही सांगणारच नव्हते. हजार अनोळखी लोकांनी वाचलेलं सोसेन, तू वाचलेलं कसं सोसू? पण काल आई कौतुकाने म्हणाली, तुझ्या छकुलीला सोमवारपासून काका पोहायला शिकवणार आहेत. तुला फोन केला, आणि तुझा आवाज ऐकून हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. पुस्तक यायला अजून दोन महिने आहेत गं. तिला पाठवू नकोस. कारण कुणालाही सांगू नकोस हवं तर, पण पाठवू नकोस. हे पत्र मीच तुझ्या दाराखालून सरकवतेय आणि खाली पायरीवर बसतेय. वर बोलावलंस तर येईन.

तुझीच,
ठेंगू