डोळे मिटून टोरावा

९ नोव्हेंबर
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बायको, स्मिता, सोबत होती. कडेची नजर बरीच गेली आहे, मधली अजून शाबूत. म्हणून वाचता येतं, पण शेजारचा कप हात लागून सांडतो. लहानपणापासून ज्याला रातांधळेपणा म्हणत होतो, ते हेच. किती वर्षं, विचारलं. "नक्की सांगता येत नाही. पण थांबणार नाही, ही तयारी ठेवा." रिक्षाने मांजरीला घरी आलो.
पप्पांना एवढंच सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

१२ नोव्हेंबर
माळ्यावरून कॉलेजातला जुना व्हिडिओ गेम काढला. हातात धरून खेळायचा. अजून चालतो. चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे, गावोगाव हिंडायचं. प्रदेशाचं नाव टोरावा. दक्षिणेला समुद्र आणि मिठागरांचं गाव, तिथून सुरुवात. मधे मोठं तळं. पूर्वेला बांबूचं जंगल, पश्चिमेला काळ्या दगडांचं माळरान, उत्तरेला बर्फ. हॉस्टेलवर असताना तिथला खडकन्‌खडक ठाऊक होता.
ठरवलं. दिसतंय तोवर सगळा टोरावा पाठ करायचा. म्हणजे पुढेही...

२३ नोव्हेंबर
स्मिताची ओढणी डोळ्यांवर बांधून मिठागरांपासून तळ्यापर्यंत गेलो. जमतं. गवतात शिरलं की सळसळ होते, भिंतीला धडकलं की ठक वाजतं, प्रत्येक गावाची धून वेगळी. ठक ऐकत ऐकत तळ्याला वळसा घातला.
पप्पा विहारातून परत आले, दारातच थांबले. "ऑफिसात हे शिकवतात का हल्ली?"

४ डिसेंबर
स्मिताने देसाई मॅडमचा नंबर आणला. पांढऱ्या काठीने चालायला शिकवतात. त्यांना स्वतःला दिसत नाही. मी म्हटलं, इतक्यात गरज नाही.
"मग कधी? पडल्यावर?"
मी गेम हातात घेतला. बांबूचं जंगल झालं पाठ.

१५ डिसेंबर
पडलो. तिन्हीसांजेला दूध आणायला निघालो होतो. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी, मागे ना दिवा ना लाल पट्टी. बाहेर आलेला ऊस कपाळात घुसला. टाके.
दवाखान्यात पप्पा म्हणाले, "एवढी ट्रॉली दिसली नाही?"
"नाही दिसली."
"नंबर वाढलाय म्हणालास."
मग स्मितानेच सगळं सांगितलं. पप्पांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर खाली बसून माझे बूट काढले. मी नको म्हणत होतो.

१७ डिसेंबर
रजेवर. पप्पा शेजारी येऊन बसले. "दाखव तुझा मुलूख." त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली, त्यामुळे पहिला प्रश्न, या तळ्यातलं पाणी बाहेर कुठून जातं? कुठूनच नाही, म्हटलं.
"डोंगरातून नद्या आत येतायत आणि बाहेर एक नाही. तुझं मिठागरांचं गाव कधीच बुडायला हवं होतं."
बऱ्याच दिवसांनी हसलो. टाके ओढले गेले.
मग म्हणाले, "इथं धडकलं की काय होतं?"
"ठक वाजतं."
"रक्त येतं?"
"नाही."
"म्हणून बरं वाटतं तुला इथं." उठून आत गेले.

१८ डिसेंबर
काल रात्रभर राग होता. सकाळी उरला नाही. खोटं काय बोलले?
स्मिताला म्हटलं, लाव मॅडमना फोन. म्हणाली, "तू लाव." लावला.

६ जानेवारी
काठी. सोसायटीच्या गेटपाशी एकदा मिटली, पुन्हा उघडली. कडेने बघणारे दिसत नाहीत, तेवढा फायदा. मॅडमना म्हटलं, हा रस्ता आठवड्यात पाठ करतो.
"पाठ झाला की खणतील. पुण्यात राहता ना? पाठांतर सोडा. काठी काय सांगते ते ऐका."
काठी मला अजून काहीच सांगत नाही. नुसती अडकते.

२० जानेवारी
ऑफिसात मॅनेजरला सांगितलं. सॉफ्टवेअर तपासायचं काम मी अजून करू शकतो, मोठी अक्षरं लागतील, पुढे वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लागेल, हेही सांगितलं. तो चांगला माणूस आहे. "बघू. एचआरशी बोलतो."
पप्पांना विचारलं, बघू म्हणजे काय?
"मीही आयुष्यभर लोकांना बघूच म्हणत आलो," म्हणाले.

१ फेब्रुवारी
एकटा जवळच्या भाजी मंडईपर्यंत गेलो. एका बाईंनी दंड धरून मला रस्ता ओलांडून दिला. मला ओलांडायचा नव्हता. त्यांचे आभार मानले, त्या गेल्यावर परत अलीकडे आलो. येताना काठी दोनदा अडकली. पण आलो.
टोरावाचा उत्तरेकडचा भाग राहिला होता. तिथं बर्फात पावलं वाजत नाहीत, ऐकून काही कळायचं नाही. दुपारी स्मिताला जवळ बसवलं. पांढरा उतार, देवदाराची झाडं, त्यांच्या निळ्या सावल्या. पाठ केलं नाही. दोघांनी नुसतं बघितलं. ती म्हणाली, "छान आहे रे." मग बराच वेळ माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती.

८ फेब्रुवारी
एचआरचा निरोप आला, उद्या सकाळी भेटा. कशासाठी ते लिहिलेलं नाही. मॅनेजरला फोन केला, त्याने उचलला नाही.
पप्पांनी शर्टाला इस्त्री करून ठेवली. स्मिता म्हणाली, "मी येऊ वर?"
"खाली थांब."
"बरं."
एचआरचा मजला वेगळा आहे. तिथं मी कधी गेलेलो नाही. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर दार कुठल्या अंगाला आहे, माहीत नाही. काठी घेऊन जाणार आहे.