माईंच्या उशाचा नारळ

९ जानेवारी १९६२, चिंचणी

आज ह्यांना जाळलं. ह्यांना म्हणजे पळसाच्या पानांच्या पुतळ्याला! खरा देह तिकडे आफ्रिकेत, काँगोतच राहिला; युनोच्या शांतिसेनेत ह्यांची पलटण गेली होती. तारेत एवढंच होतं — चकमकीत कामी आले. तोंडाने नाव घेत नाही, इथे लिहिते : नरहरी. नुकतं बाविसावं लागलं होतं.

पुतळ्याला डोकं म्हणून नारळ लागतो. भटजी म्हणाले, सोललेला, वाळलेला आणा. पण सासूबाई, माझ्या माई, हटूनच बसल्या. "माज्या पोराचं डोकं असं सोललेलं नाय चालायचं!" ह्यांच्या जन्माच्या वेळी वाडीत लावलेल्या माडाचाच नारळ हवा, तोही सोडणासकट, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीसकट. ओलं सोडण नुसतं धुमसत राहिलं. चितेत डोकं फुटायला हवं. ते फुटलंच नाही.

१० जानेवारी

चुलतदीर नागोराव राख गोळा करायला गेले आणि नारळ घेऊनच परतले. सोडण जळालेलं, करवंटी काळी, पण अखंड. माईंनी तो कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं!

"जित्ता हाय," म्हणाल्या.

नागोराव म्हणाले, "माई, फोडूया. त्याला वाट मोकळी होऊ दे." माईंनी नारळ पदराखाली घेतला.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. मी सवाष्ण की विधवा, हेच कुणाला ठरवता येईना! माई बांगड्या फोडू देत नाहीत. रोज सकाळी स्वतः माझ्या कपाळी कुंकू लावतात. मला रडूही देत नाहीत.

२२ जानेवारी

हे म्हणायचे — नारळाला डोळे असतात, खाली माणूस असेल तर पडत नाही. खुशाल माडाखाली बाज टाकून झोपायचे. गोळीला कुठले डोळे!

रोज दिवा लागला की माई नारळ हलवतात. नि मीही कान देते. आज त्या स्वयंपाकघरात होत्या. नारळ त्यांच्या अंथरुणाच्या उशाशी, कुणाचा हात नाही — आणि पाणी वाजलं. मला वेड लागतंय का?

२ फेब्रुवारी

मुरबे गावचा धर्माजी आला. ह्यांच्याच पलटणीतला, रजेवर आलाय. बोईसरला गाडीतून उतरून आधी इकडे, मग घरी.

माईंनी विचारलं, "तू पायलास?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माज्या मांडीवर गेला, माई. पानी मागत व्हता. बाटल्या रिकाम्या, समोरून गोळ्या. थेंब नाय देता आला."

आज दिवेलागणीला माईंनी नारळ हलवला नाही. मीच हलवला. चांगला भरलेला होता. मागून माई म्हणाल्या, "उद्या त्याला पानी देऊ."

३ फेब्रुवारी

सकाळी त्याच माडाखाली माईंनी नारळ माझ्या हातात दिला. "तूच फोड." करवंटीला कुठे तडा नव्हता, नीट पाहिलं. कोयत्याच्या एका घावात दोन शकलं झाली. पांढरंशुभ्र खोबरं — आणि आत कोरडं. थेंबसुद्धा नाही!

माई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पानी प्याला गं माजा पोर." आणि आपल्या पदराने माझं कुंकू पुसलं.