सोडियम आभाइड

८ जुलै
आज एका मूलद्रव्याचा शोध लावला. आभा! म्हणजे क्लासला माझ्या शेजारी बसते ती. संज्ञा Ab, अणुवस्तुमान ५२ — तिचं वजन. मयुरेश सर संयुगांना नावं कशी द्यायची ते फळ्यावर सांगत होते, तोवर माझं सोडियम आभाइड तयार. समीकरणसुद्धा संतुलित केलं —
Na₂Ab + 2HCl → 2NaCl + H₂Ab
वायू बाहेर पडतो. वास हिंगाचा.
आभा फुरंगटली. "एकावन्न आहे माझं!"

९ जुलै
क्लासच्या मुलांच्या ग्रुपवर टाकलं. वाटलं, हसतील. तर सटाण्याची राखी विचारते, "हे परीक्षेला असतं का गं?" दरवर्षी! — दिलं ठोकून. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी उतरवून घेतलं!! मी उशीत तोंड खुपसून हसत होते. अम्मी म्हणाली, "तो मोबाइल एक दिवस गोदावरीत टाकते बघ."

१४ जुलै
टेस्ट. प्रश्न चौथा — सोडियम आभाइडचं रेणुवस्तुमान काढा.
सरांपर्यंत गेलं कसं? नवीन आहेत, कुणाच्या तरी वहीतून उचललं असणार. काय लिहू? शेवटी लिहिलं, असं संयुग अस्तित्वातच नाही.

१६ जुलै
चौथ्या प्रश्नाला शून्य! माझ्याच संयुगात मी नापास! बाकी सगळ्यांचं ९८ बरोबर. आभाचंसुद्धा — आणि तिला तर माहीत होतं!
वर सर म्हणाले, पहिल्या दहा जणांची सोमवारपासून सकाळची वेगळी बॅच. आभा पाचवी. मी अकरावी, दोन मार्कांनी. म्हणजे कॉलेज रोड ते द्वारका रिक्षात मी एकटी. आभा म्हणते, "दोनच तर मार्क. सोड ना."

१७ जुलै
राखी डोळे मिटून H₂Ab पाठ करत होती. हसू आलं नाही.

१८ जुलै
गेले. सर एकटेच पेपर लावत बसले होते. एका दमात सगळं सांगून टाकलं.
सरांचा चेहरा रडवेला झाला. मग चष्मा काढून म्हणाले, "मला वाटलं, मुलांना येतंय आणि मलाच येत नाही. विचारायची लाज वाटली गं."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडले असते तर बरं! सरांनी घरी फोनही केला नाही. मार्कांचं विचारायचंच राहिलं.

१९ जुलै
वेगळी बॅच नाहीच! कधी नव्हतीच! सरांनी फळ्यावर Na₂Ab लिहून फुली मारली. प्रश्न चौथा रद्द. आभाने त्यांना टेस्टच्या आधीच सगळं सांगितलं होतं. तो प्रश्न, ते शून्य, कालचा रडवेला चेहरा — सगळं नाटक. मी आपणहून येते का, ते बघायला. असले सर!
"सर म्हणालेच होते, येईल ती," रिक्षात आभा सांगत होती.
"आणि तू काय म्हणालीस?"
"नाही येणार, म्हटलं."