बंद इंजिनाची ऊब

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाच्या मी आता कितीतरी पुढे आले आहे, म्हणून आज जरा हक्कानं लिहिते. तुम्ही कारंज्याला कापसाच्या जिनवाल्या शेठजींची मोटार चालवायचात. घरची भाजीची वाडी काकांच्या गळ्यात घालून मोटारीच्या नादी लागलात, हे आईनं तुम्हाला कधी माफ केलं नाही. मला मात्र तुमच्या कपड्यांना येणारा तेलाचा वास आवडायचा.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळायचं. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि सव्वा महिना उलटल्यावर तुम्ही शेठजींकडून मोटार मागून घेतलीत, लेकीला बैलगाडीत किन्हीराजाला सासरपर्यंत हाडं खिळखिळी करत जावं लागू नये म्हणून. थंडी सरत आली होती. निघालो तेव्हा चांगलं ऊन होतं आणि अर्ध्या वाटेवर गारांनी झोडपलं. मोटारीचं कापडी छत गळायला लागलं, पोरीची दुपटी भिजली, आणि पुढे पाहावं तर नाल्याला पूर. तुम्ही मोटार उंचवट्यावर घेतलीत, बाजूचे पडदे लावलेत, इंजिन बंद केलंत. भर दुपारी माझे दात वाजतायत. पोरगी आधी रडत होती, मग रडायची थांबली, आणि तिचे ओठ निळसर दिसायला लागले तशी माझी गाळण उडाली.

"बाबा, इंजन चालू करा ना. पोरगी गार पडून राह्यली."

"नाई. बंदच राहू दे."

"काहून?"

"सांगतलं ना, बंदच राहू दे."

मग मी जे बोलले ते बोलले. "शेठजीचं पेट्रोल तुमाले नातीपेक्षा जास्त झालं काय?" तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत आणि खाली उतरलात. पुढच्या सीटच्या पायाखालची लाकडी फळी उचकटून काढलीत. इंजिन अजून तापलेलंच होतं. त्याची धग तिथून आत यायला लागली. अंगावरची घोंगडी काढून तुम्ही बॉनेटवर पसरलीत, म्हणजे ऊब बाहेर जाऊ नये. रेडिएटरची खालची तोटी सोडून त्यातलं कढत पाणी माझ्या फिरकीच्या तांब्यात भरून घेतलंत, तांब्या फेट्यात गुंडाळून आत दिलात. "पायाशी ठेव तिच्या. अंगाले भिडवू नको," एवढंच म्हणालात. मी पोरीला पदराखाली घेतलं, म्हणून तुम्ही आत आला नाहीत. पावसात, उघड्या डोक्यानं, मोटारीकडे पाठ करून उभे राहिलात. हळूहळू तिचे पाय गरम झाले, ती दूध ओढायला लागली. पूर ओसरेपर्यंत तुम्ही तसेच उभे होता.

सासरी पोचल्यावर मी ही हकीकत रंगवून सांगितली. बापाला नातीपेक्षा पेट्रोल प्यारं, पण डोकं बघा कसं चालवलं. सगळे हसले. पुढे तुम्ही कधी आलात की सासूबाई हटकून विचारायच्या, "काय व्याही, पेट्रोल वाचवलं का आज?" तुम्ही खाली मान घालून हसायचात आणि चहा बशीत ओतायचात. मलाही गंमत वाटायची.

तुम्ही गेल्यावर तुमचे उस्ताद भेटायला आले, ज्यांनी तुम्हाला मोटार शिकवली ते म्हातारे मिस्त्री. मी रडत रडत तीच गोष्ट त्यांना सांगितली. ते हसले नाहीत. "बेटी, त्याले पेट्रोलची काय फिकर होती?" ते म्हणाले. "त्यानं माह्यासंगं एक मोटार पाह्यली होती. थंडीचे दिवस. दोघं जनं पडदे लावून, इंजन चालू ठेवून झोपले. सकाळी दोघंबी उठले नाई. धूर आत भरला होता. तवापासून पडदे लावलेल्या उभ्या गाडीत त्यानं इंजन चालू ठेवलं नाई."

"मग मले सांगतलं काहून नाई त्यायनं?"

"त्यानं मले हे सांगतलं तवा मी बी हेच इचारलं होतं त्याले. तर म्हने, सव्वा महिन्याचं लेकरू मांडीवर, पोरगी सासरी चाललेली, तिच्यापुढं मरनाचं नाव कसं काढू?"

आपल्याकडची ही रीत मला काय ठाऊक नव्हती? तान्ह्या लेकरासमोर मी स्वतः कुणाला अभद्र बोलू दिलं नसतं. पण तुम्ही गप्प बसलात आणि त्या गप्प बसण्याचा मी लावायचा तो अर्थ लावला. वर तो गावभर सांगितला.

परवा तीच पोरगी, आता स्वतः सासू झालेली, सुनांसमोर म्हणाली, "आई, आजोबांच्या पेट्रोलची गंमत सांग ना." उस्तादांचं बोलणं ऐकून मला जमाना झाला, तरी मी गोष्ट जुन्याच पद्धतीनं सांगितली. सगळ्या हसल्या. हा कागद तिच्या हातात द्यावा असं मनात येतं, पण देणार नाही. खरी गोष्ट सांगायची तर मी तुम्हाला तोंडावर काय बोलले तेही सांगावं लागेल, आणि ते वाक्य, बाबा, मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.