रिलीव्हर आला नाही

४ नोव्हेंबर
लायसन्स आलं पोस्टानं. फोटोत मी चोरासारखी. वय अठ्ठावन्न. यांना फिजिओकडे न्यायला म्हणून शिकले. रिक्षात चढवता-उतरवता माझीच कंबर गेली होती. हे पलंगावरून बराच वेळ कार्ड पाहत होते. मग डाव्या हाताने माझ्या मनगटावर एक टिचकी. एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून बोलणं तीन शब्दांवर आलंय: हो, नाही आणि एक शिवी. टिचकी म्हणजे शाबास, असं मी धरून चाललेय.

९ नोव्हें.
कामाला येणारी दुलारी दोन ते चार यांच्यापाशी बसते. तेवढ्यात सुपेल्याच्या बाजारातून भाजी आणावी म्हणून गाडी काढली. चौकात वळायचं होतं, मागून हॉर्नवर हॉर्न, सरळ गेले. आणि मग सरळच गेले. नंदिनी रोड, पुढे चुनखडीचे ट्रक, दोन्हीकडे धान कापणी चाललेली. पार अहिवाऱ्याच्या अलीकडे पोचले. चौथा गिअर पडला तेव्हा एकटीच मोठ्याने हसले. तास-दीड तास कोणी हाक मारली नाही.
भाजी विसरले. रात्री पिठलं.

१० नोव्हें.
हे मिलमध्ये शिफ्ट इन्चार्ज होते. रिटायर झाले तरी लॉगबुक सुटलं नाही. गाडीचंही आहे: तारीख, रीडिंग, कुठे, शेरा. उशाखाली असतं, कोणी हात लावायचा नाही. आज पाटीवर डाव्या हाताने लिहून दाखवलं: रीडिंग?
मी जुन्या आकड्यात सहा मिळवून सांगितलं. कुठे? सुपेला, भाजी.
चौतीस वर्षांच्या संसारात यांना थापा मारल्या नाहीत असं नाही. पण लॉगबुकात कधी नाही.

१८ नोव्हें.
या आठवड्यात तीनदा. जायचं कुठेच नसतं. रिव्हर्स अजून नीट येत नाही, म्हणून जिथून गोल फिरून परत येता येईल असेच रस्ते धरते.
सकाळी सहाला अंग पुसणं, मग चहा चमच्याने, मग व्यायाम, चादरी, मग भरवणं. मी थकलेय. हे फक्त इथं लिहितेय. शेजारपाजारचे म्हणतात, किती करता हो तुम्ही. दमता का, हे कोणी विचारत नाही. गाडीत बसले की पाठ टेकते, दिवसातून तेवढीच.
रीडिंग: सहा मिळवले.

२७ नोव्हें.
निखिलचा फोन, पुण्याहून. "आई, फिजिओवाला आता घरीच येऊन राहिला ना? मग गाडी कायले पाहिजे? एवढ्या ट्रकांत तुले काही झालं तं बाबाले कोन पाहीन? जानेवारीत येतो, बेच देंगे."
पोरगा चुकीचं काही बोलला नाही. काय सांगणार त्याला, की तुझी आई दुपारची भटकते म्हणून? म्हटलं, ये, मग पाहू. तोवर वरण करपलं.

५ डिसेंबर
डॉक्टरांकडे तपासणी. यांना पुढच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला, चावी फिरवली. यांची नजर डॅशबोर्डवर. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.
लॉगबुकात आणि गाडीत तीनशे बारा किलोमीटरचा फरक.
जाता-येता माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी पाटी मागितली नाही. लॉगबुक मांडीवरच्या उशीवर ठेवून अर्धा तास लिहीत होते. मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत उभी. ती एक शिवी हासडली असती तरी बरं वाटलं असतं.

११ डिसें.
गेले नाही. सहा दिवस झाले. दुलारी म्हणे, "बाई, गाड़ी बिगड़ गे का?"
मी बोलायच्या आत हेच म्हणाले, "नाही." आणि खिळ्यावरच्या किल्लीकडे बोट. मी न कळल्यासारखं केलं आणि कपडे वाळत घालायला गेले. चोराच्या मनात चांदणं.

३ जानेवारी
निखिल आला. बाबाचे पाय चेपले, नखं कापली. गिऱ्हाईक उद्या पाच वाजता गाडी पाहायला येणार. मी गाडी आतून पुसून काढली. सीटखाली भुईमुगाची टरफलं निघाली, माझीच.

४ जाने.
गाडी किती चालली ते दाखवायला निखिलने लॉगबुक मागितलं. यांनी स्वतः उशाखालून काढून दिलं. मला वाटलं, आता माझी शोभा.
माझी खोटी रीडिंगं एका रेघेने खोडलेली, शेवटच्या ओळीत त्या दिवशी डॅशबोर्डवर पाहिलेला खरा आकडा, पुढे सही. मिलमध्ये चूक अशीच दुरुस्त करायची, खरवडून लपवायची नाही. 'कुठे'मध्ये सुपेला, भाजी, तसंच ठेवलेलं. आणि शेऱ्यात रोज, मी गाडी काढली नाही त्या दिवशीही, वाकड्या डाव्या अक्षरात एकच: रिलीव्हर आला नाही. ड्यूटी चालू.
निखिलला अर्थ सांगावा लागला नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही तर जागा सोडता येत नाही. सकाळी यायचे बाबा संध्याकाळी आले की हेच वाक्य ऐकत तो मोठा झाला.
"बाबा, कोनाचा रिलीव्हर?"
यांनी माझ्याकडे बोट केलं. बोट खाली घेईनात.
मी न्हाणीत गेले, नळ सोडला आणि रडले. बाहेर आले तर निखिल गिऱ्हाइकाला सांगत होता, "आज नहीं हो पाएगा भैया. बाद में बताता हूँ."

७ जाने.
निखिलला दुर्ग स्टेशनवर सोडलं. पूर्ण रस्ता वरचं हँडल धरून बसला होता. उतरताना म्हणाला, "महिन्यातून आठ दिवस इकडूनच काम करता येते का, विचारतो ऑफिसात. पक्कं नाही सांगत. गाडीचंही मग सांगतो."
म्हटलं, पक्कं नको सांगू.
गिऱ्हाइकाचा परत फोन आला. उचलला नाही.

१२ जाने.
निखिलचा फोन नाही. दोनला दुलारी आली. यांना विचारलं, येता का गाडीत? "नाही." अगदी स्वच्छ.
अहिवाऱ्याच्या अलीकडे बोरीखाली गाडी लावली. चार बोरं खाल्ली. काचा खाली करून बसले. वीसेक मिनिटं डोळा लागला असेल.
आल्यावर रीडिंग सांगितलं, खरं. यांनी आकडा लिहिला आणि पेन माझ्यापुढे धरला. 'कुठे' मी लिहायचं. काय लिहू? शेवटी लिहिलं: उगाच.
यांनी वाचलं. पुढे सही केली.
शेऱ्यात मात्र आजही तेच.