रबरावरचं कडेचं भोक

थेरगाव, रविवार, संध्याकाळ

ॲलर्जीच्या इंजेक्शनची माझी बाटली आमच्या खोलीखालच्या सलीमचाचांच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये, लस्सीशेजारी असते. आज दवाखान्यात नेली, तर सिस्टरनी तिचं रबरी झाकण उजेडात धरलं. "मी मधे टोचते. हे कडेला भोक कुणाचं?"

कुणाचं असणार? रूममेट संतोषला फोन लावला.

"भावा, तुला धुळीच्या शिंका, मलाबी धुळीच्याच. परवा घेतलं थोडं. सुई नवी होती, अन् गावाकडं म्हशींना टोचायचो की मी!"

सिस्टरनी फोन घेऊन स्पीकरवर टाकला. "सुई एकदाच घातली ना बाटलीत?"

"न्हाई, टोचल्यावर कमी वाटलं. मग त्याच सुईनं अजून काढलं."

म्हणजे संतोषच्या अंगातली सुई माझ्या बाटलीत! नशीब, त्याला काही झालं नाही. पण औषध तसंच नितळ. मी हलवून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. एवढ्याशा भोकातून काय काय जात असेल? मुंगीचा पायसुद्धा मावणार नाही.

"यात खरंच काही गेलंय का, कळेल?"

"बघून नाही कळत. म्हणूनच टाकायची," म्हणत सिस्टरनी बाटली डब्यात टाकली.

इंजेक्शन राहिलं. आता शिंकतोय, आणि डोळ्यांसमोर ते कडेचं भोक. सिस्टरनी झाकण पाहिलं नसतं तर?