पाणी उकळू द्यायचं नसतं

प्रिय अनालीया,

वरच्या मजल्यावरच्या एल्विराविरुद्ध मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. आपल्या देशात तक्रारी नोंदवून घेणारं कोणी सध्या कामावर उरलेलं नाही, म्हणून ती तुझ्याकडे स्पेनला पाठवते आहे. ही बाई रोज सकाळी चादरी न पिळताच दोरीवर टाकते आणि त्यांचं पाणी आपल्या बाल्कनीत नेमकं माझ्या येर्बावर ठिबकतं. चहासारखी एकदा पिऊन झालेली येर्बाची पत्ती वर्तमानपत्रावर वाळवायची आणि पुन्हा प्यायच्या तुंब्यात भरायची, इथवर आमची प्रगती झाली आहे. दुसऱ्या खेपेला तिला गवताची चव येते, तिसऱ्या खेपेला वर्तमानपत्राची. एल्विराच्या कृपेने आता साबणाचीही येते. वर जाऊन बोलले तर म्हणते, "नेलिदा, फुकटात धुऊन मिळतेय, गप बस की." बुएनोस आइरेसमध्ये बाकी सगळं संपत आलं, उद्धटपणाचा साठा तेवढा भरपूर आहे.

आमचं बरं चाललंय. बँकेत आपले पैसे आहेत, फक्त बँक ते देत नाही. डिसेंबरात तिच्या दारात बायकांनी भांडी बडवली, तेव्हा मीही माझं चांगलं पातेलं नेलं होतं. त्याला एक पोचा पडला आणि आता भात नेमका तिथेच करपतो. माझ्या हाती लागलेली क्रांती ती एवढीच. टीव्हीवर एक टाय लावलेला माणूस रोज येतो, फळ्यावरची देशाच्या कमाईची रेघ आणखी थोडी खाली ओढतो आणि जेवायला जातो. तो जेवायला जातो याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दर रविवारी तू फोन करतेस. मांजराची चौकशी करतेस, माझ्या गुडघ्याची करतेस, एल्विराचीसुद्धा करतेस. एका माणसाची करत नाहीस. मीही त्याचं नाव काढत नाही. परदेशचा फोन महाग, आणि त्यात दोघींनी गप्प बसणं त्याहून महाग.

तर ऐक. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने शेवटच्या पगाराऐवजी बाबाला एक गोणभर फ्रीजची हँडलं दिली, हे तू पाहिलंच आहेस. सव्वीस वर्षं ज्याने दारांना हँडलं बसवली, त्याला हँडलं. बेकरीवाल्याला निवृत्तीनंतर पिठाचं पोतं द्यावं तसं. ती गोणी पलंगाखाली आहे. पलंगावर तुझा बाबा. तू गेलीस तेव्हापासून तो तिथेच, भिंतीकडे तोंड करून. जेवण पुढे ठेवलं तर जेवतो, दाढी कर म्हटलं तर "उद्या" म्हणतो. सुरुवातीला मी चिडले, मग घाबरले, मग एक दिवस लक्षात आलं की मी त्याच्याभोवतीचा केर काढते आहे, टेबलाभोवतीचा काढावा तसा.

शनिवारी बास्केटबॉल क्लबच्या हॉलमध्ये अदलाबदलीचा बाजार भरतो. पैसे कोणाकडेच नाहीत म्हणून वस्तू द्यायची, वस्तू घ्यायची, मध्ये नोटांऐवजी रंगीत चिठ्ठ्या. आपल्या माणसांनी दुसऱ्याच महिन्यात खोट्या चिठ्ठ्याही छापल्या, म्हणजे तेवढा एक धंदा तेजीत आहे. मी हँडलं नेली होती. एका म्हाताऱ्याने एक हातात घेऊन विचारलं, "याच्यामागे फ्रीज आहे का?" नाही म्हटल्यावर हळूच खाली ठेवलं. शेजारी एका टेबलावर मोरंबा, दुसऱ्यावर जुने बूट, आणि मधल्या खुर्चीवर एक बाई पुठ्ठा घेऊन बसलेली: मानसतज्ज्ञ, घरी येऊन ऐकेन. मिर्ता तिचं नाव. आपल्या गावाची रीत तुला माहीतच आहे, दात किडला तर आपण वर्षभर कळ काढतो, पण मन दुखलं की आठवड्याची वेळ घेतो. मी भाव विचारला.

"तासाला बारा एम्पानादा," ती म्हणाली. "पारीच्या आत खिमा असतो ना?"

"नावापुरता."

"मग चौदा."

गुरुवारी दुपारी ती आली. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली आणि गोड आवाजात विचारलं, "ओस्वाल्दो, काय वाटतंय?" भिंतीलाही काही वाटलं नाही. मी स्वयंपाकघरात मंद आचेवर किटली ठेवली होती आणि कान दाराकडे. मग हुंदका ऐकू आला. मनात म्हटलं, चला, चौदा एम्पानादा सार्थकी लागल्या. जाऊन पाहते तर तुझा बाबा जसाच्या तसा आणि रडतेय मिर्ता. तिच्या दवाखान्याचं भाडं थकलंय, मुलगा इटलीला गेला, आणि तिच्याकडे येणारे एकेक करून माद्रिदला निघाले. "बरे होऊन गेले असते तर मला काही नव्हतं," ती म्हणाली, "हे नुसतेच गेले." तिचा हात धरून पलंगाच्या कडेवर टेकले. किटली विसरले.

झाकण खडखडायला लागलं, तेव्हा पांघरुणातून आवाज आला. "नेलिदा, पाणी उकळतंय."

"उकळू दे," मी म्हटलं. खरंच मला उठवत नव्हतं.

"उकळू दे?"

अनालीया, घराला आग लागली असती तरी तो माणूस इतक्या तातडीने उठला नसता. लांब गरम विजारीत उभा राहिला, मिर्ताला "माफ करा हं बाई" म्हणाला आणि तरातरा किटलीकडे गेला. पाणी मोरीत ओतलं, नवं भरलं आणि किटलीच्या अंगाला बोट लावून उभा राहिला, तसाच, तुला आठवतं तसा. "उकळत्या पाण्याने येर्बा जळते. हे काय परदेशी लोकांचं घर आहे?" पहिला तुंबा त्याने मिर्ताला दिला. तिने नळीतून घोट घेतला, नाक मुरडलं. "साबणाची चव आहे का हो?"

"एल्विराच्या चादरी," तो म्हणाला. "बघतो मी तिच्याकडे."

मग तो पुन्हा जाऊन झोपला. बरा झाला असं मी तुला लिहिणार नाही. पण शुक्रवारी किटलीसाठी उठला, शनिवारीही, काल रविवारीही. दाढी अजून उद्याच आहे.

आता तो विमानतळावर का आला नाही, ते. तू गेलीस त्या सकाळी खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती आणि मी तुला सांगितलं, त्याची पाठ धरलीय. तू दारातूनच त्याची पाठ पाहिलीस, "ठीक आहे बाबा, तुझी मर्जी" म्हणालीस आणि निघालीस. तू देश सोडलास म्हणून तो चिडलाय, असं तुला वाटतं. पोरी, चिडायला माणसाच्या अंगात थोडी तरी ताकद लागते. त्या दिवशी त्याने पहाटे उठून दाढी केली होती, करडा कोट चढवला होता. एक बूट घातला. दुसरा हातात धरून बसून राहिला, आणि तो पायात घालणं त्याला जमेना. मग कोट काढून तसाच आडवा झाला. कुशीवर असल्यामुळे तुला तो एक बूट दिसला नाही, पांघरुणात होता.

हे आज लिहायचं कारण असं. काल किटलीपाशी उभा असताना, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, "तिकडे येर्बा मिळते का तिला?" मिळते म्हटलं, महाग. तर म्हणाला, "पाणी उकळून टाकत असेल. तिला लहानपणापासून धीर नाही." तू गेल्यापासून तुझ्याबद्दल तो पहिल्यांदा बोलला. म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी तू फोन करशील तेव्हा मी घरी नसेन, चादरींचं भांडण करायला वर गेलेली असेन. फोन वाजत राहील. ठेवू नकोस. त्याने उचललाच, तर कसा आहेस असं विचारू नकोस, त्याला उत्तर द्यावं लागेल. नुसतं सांग की तुझी येर्बा कडू होते. पुढचं तो बोलेल.

उठते आता. पोस्टाच्या वाटेवर मिर्ताचं घर लागतं. त्या गुरुवारी जाताना ती म्हणाली होती की तासभर मीच रडले, त्याचं कसलं देणं? तरी चौदा एम्पानादा फडक्यात बांधल्या आहेत. तिच्या दाराच्या कडीला अडकवून, न वाजवताच पुढे जाईन. त्यातल्या एकीची मुरड वेडीवाकडी झालीय, पण ती माझ्या हातची नाही, आणि मांजराला मुरड घालता येत नाही.

तुझीच, बाल्कनीत येर्बा राखत बसलेली,
आई